कोरे समास

माझ्या कामाचं नाव आमच्या घरात कुणालाच धड सांगता आलं नाही. वडील तहसील कचेरीत कारकून, थोरला भाऊ बँकेत, वहिनी शाळेत. त्यांची ओळख एका शब्दात व्हायची. माझ्याबद्दल कुणी विचारलं की आई म्हणायची, "ती फिरते." पांढरकवड्यासारख्या गावात बिनलग्नाच्या मुलीबद्दल असं सांगणं फारसं सोयीचं नव्हतं, पण खोटंही नव्हतं. मी फिरायचे, लोकांच्या दारात बसायचे आणि विचारायचे, की तुम्ही काम करता का, करत असाल तर कोणतं, आणि करत नसाल तर का नाही.

कागदोपत्री मी 'क्षेत्र अन्वेषक'. सरकार गरिबाला धान्य देतं, घरकुल देतं, आणि मग त्याला वाटतं की हा माणूस आता कामालाही लागावा. म्हणून योजना निघतात. कुणाला शिलाई शिकवायची, कुणाला नर्सिंग, कुणाला कामाच्या जागेपर्यंत गाडी द्यायची. या योजनांनी खरंच काही होतं का, हे बघायला शहरातल्या अभ्याससंस्था असतात. तिथे प्राध्यापक असतात, संगणक असतात, पंखे असतात. नसतात ते पाय. ते आमचे.

प्रश्न विचारणं कुणालाही जमेल असं वाटतं. तसं नाही. विचारताना मान हलवायची नाही, कारण तुमची मान हलली की समोरचा 'हो' म्हणून मोकळा होतो. खुर्ची दिली तरी घरमालकीण जमिनीवर असेल तर आपणही जमिनीवर. पहिल्या घरी चहा घेतला तर शेवटच्या घरापर्यंत घ्यावा लागतो, आणि शेवटच्या घरात दूध नसतं, ते शेजारून येतं. बाजाराच्या दिवशी जायचं नाही. बाईला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नवरा देऊ लागला तर त्याला पाणी आणायला पाठवायचं. मी आयुष्यात किती पाणी प्यायले असेन, त्याला गणती नाही.

माणसं मोठी मजेदार भेटली. हैदराबादकडे जाणाऱ्या हायवेवर एक पंक्चरवाला होता. त्याला नेमाप्रमाणे विचारलं, "मागच्या सात दिवसांत तुम्ही काम शोधलं का?" त्यानं ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत सांगितलं, "म्या कायले शोधू? कामच मले शोधत येते, खिळा घुसला का." या उत्तराला फॉर्मवर चौकट नव्हती. केळापूरकडचे एक काकाजी, कपाशी-तुरीचं चांगलं शेत असलेले, त्यांच्याकडच्या मजुरांचे फॉर्म भरताना माझ्यावर रागावले. "आमाले काहून नाही इचारत? आमी काय मुके हावो?" त्यांची समजूत काढायला मी चार प्रश्न त्यांनाही विचारले. ते संपल्यावर त्यांनी मला विचारलं, "बाई, तुमची नोकरी पर्मनंट हाये का?"

"नाही काकाजी. अभ्यास चालू आहे तोवर."

"मंग तुमचा फॉर्म कोन भरते?"

तेव्हा मी हसून उठले. पण गोष्ट खरी होती. आमच्या फॉर्मवर 'अनियमित, कंत्राटी' या कामाला तीन नंबरचा कोड होता, आणि तो दुसऱ्यांच्या नावापुढे भरणारी मी स्वतः तीन नंबरचीच होते. एक अभ्यास संपला की दुसरा निघेपर्यंत मी घरी बसून वहिनीच्या शाळेच्या उत्तरपत्रिका तपासायचे. भाऊ कधी काही बोलला नाही. त्याच्या न बोलण्याचंही मला ओझं व्हायचं.

या सगळ्यात मला एकाच गोष्टीचा गर्व होता, आणि तो मी लपवत नाही. माझे फॉर्म. खाडाखोड नाही, चौकटीबाहेर गेलेली खूण नाही, आणि समास कोरा. शहरात आमचे फॉर्म संगणकात चढवणारी माणसं फक्त चौकटी बघतात. समासात कुणी काही खरडलं की त्यांचं काम अडतं. म्हणून समासात लिहायचं नाही असा नियम होता आणि तो माझ्याइतका कुणी पाळला नसेल. पुढे नवीन मुलंमुली भरती झाली की त्यांना शिकवायला मलाच बोलवायचे. मी फळ्यावर लिहायचे : समास कागदाचा आहे, तुमचा नाही. संस्थेत म्हणे यवतमाळचा, म्हणजे माझा, गठ्ठा आला की टेबलावर आधी तो घ्यायचे. हे मला कळलं तेव्हा मी आठवडाभर खुशीत होते.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले त्याच्याकडे येते. मी थोडी चालढकल करत होते, हे वाचकांच्या लक्षात आलंच असेल.

झरी जामणीकडच्या एका बाजारगावात रोजगार साहाय्य केंद्र निघालं होतं. दोन खोल्या, एक टेबल, एक जीप. खरं केंद्र म्हणजे ती जीप. जंगलातल्या वस्त्यांमधून सकाळी माणसं उचलायची, रोपवाटिकेत, रस्त्याच्या कामावर सोडायची आणि संध्याकाळी घरी आणायची. सुरुवातीचे काही महिने ती सगळीकडे जमेल तशी जायची, पण जीप एकच, वस्त्या बऱ्याच. कोणत्या वस्तीतल्या लोकांची नियमित काम करायची तयारी आहे, ते पाहून तिचा कायमचा मार्ग ठरवायचा होता. ते पाहण्याचं काम आमच्याकडे आलं.

त्यात कोलाम आदिवासींचं एक पोड होतं. पोड म्हणजे त्यांची वस्ती. तिथे जायच्या दिवशी दुपारी मी आधी रोपवाटिकेत डोकावले. पोडावरच्या आठ बाया तिथे कामाला होत्या. सात जणी काळ्या पिशव्यांमध्ये माती भरत होत्या आणि आठवी आंब्याखाली सगळ्यांची लेकरं घेऊन बसली होती. एक मांडीवर, एक झोळीत, बाकीची धुळीत.

"आज हिची पाळी का?" मी विचारलं.

सोमीबाई नावाची त्यांच्यातली एक पुढे आली. पस्तिशीची, काटक, बोलताना थेट डोळ्यांत बघणारी. "पाळीगिळी काही नाही. तिले रातभर ताप होता. जिले उभं राहता येत नाही ते सावलीत बसते. कोनी बाळंतीन असन, कोनी पोटुशी असन. आमी तिले सावलीवाली म्हणतो. तिचं काम आमी करतो, आमचे लेकरं ते पाहते. वाटा सारखाच."

"आणि सगळ्या धडधाकट असल्या तर?"

"असं कवा होते बाई?" सोमीबाई म्हणाली आणि आठही जणी हसल्या.

मला गंमत वाटली. मी पाणी प्यायले आणि पुढे गेले.

संध्याकाळी पोडावर फॉर्म भरले. बाविसावा प्रश्न होता : गावाबाहेर नियमित काम मिळालं तर तुम्ही जाल का? त्याच्याखाली बारीक अक्षरात सूचना होती, की उत्तर व्यक्तीचं घ्यावं, गटाच्या वतीनं घेऊ नये. म्हणून मी मुद्दाम स्पष्ट करून विचारलं. "सोमीबाई, बाकीच्यांचं सोडा. तुम्हाला एकटीला काम मिळालं तर जाल?"

"एकटी कायले जाऊ बाई? लेकराले कोन पाहील?"

"म्हणजे नाही?"

"एकटी तं नाही."

मी 'नाही'च्या चौकटीत खूण केली. 'नाही' आलं की तेवीस ते पस्तीस हे प्रश्न गाळायचे असतात. कोणतं काम, किती लांब, कशी मदत लागेल, सगळे त्याच भागात होते. आठही जणींनी तेच उत्तर दिलं. एका पोडाचे फॉर्म तासाभरात आटोपले आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. शेवटची बस मिळाली.

दीड वर्षानं दुसरी फेरी निघाली. मार्च महिना होता. त्या सकाळी बसमध्ये दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुली होत्या, पॅड छातीशी धरून पाठांतर करत होत्या. मी पोडावर पोचले तर अर्ध्या घरांची दारं दोरीनं बांधलेली. नाईक, म्हणजे पोडाचा म्हातारा प्रमुख, अंगणात बसून झाडूसाठी गवत निवडत होता.

"कुठं गेले सगळे?"

"मिरचीले. तेलंगणात."

"आणि जीप?"

"जीप कोठं राह्यली आता?" नाईकानं गवत बाजूला ठेवलं. "केंद्रावर गेलतो म्या. तिथला मानूस म्हणे, तुमच्या पोडाची कामाची इच्छा नाही असं कागदात आलं. मले सांगा बाई, आमाले हे इचारलं कोनी?"

मी विचारलं होतं.

नाईक मला दोष देत नव्हता. त्याला कागद कुणाचा ते ठाऊकही नव्हतं. तो सहज सांगत गेला. जीप गेल्यावर रोपवाटिका लांब पडली. आठ जणींची टोळी मोडली. चौघी मिरचीला गेल्या. तिकडे ठेकेदार हात मोजून नेतो. तोडेल ती कामाची, सावलीत बसेल ती नाही. लेकरं तर बरोबर न्यावीच लागतात. "मंग सोमीनं लेकीले, रेणूले, आश्रमशाळेतून काढलं. लेकरं पाहाले. हुशार होती पोट्टी. दहावीत होती."

"परीक्षा?"

"ते तं आता चालू हाये म्हणते."

मी फॉर्म काढले. घर बंद असेल तर नऊ नंबरचा कोड. सोमीबाईच्या नावापुढे मी नऊ लिहिला, नीट, चौकटीच्या मधोमध. मग सकाळच्या बसमधल्या त्या मुली डोळ्यांसमोर आल्या आणि मला स्वतःची लाज वाटली. एवढी लाज मला कधी कुणी अपमान केला तेव्हाही वाटली नव्हती.

मिरचीवाले परत आल्यावर मी पुन्हा गेले. तेव्हा मे महिना होता. सोमीबाईच्या हातांची सालं निघालेली होती. तिनं मला बसायला पोतं दिलं. दाराशी रेणू उभी होती, आईसारखीच थेट बघणारी. माझा अंदाज होता, सोमीबाई चिडेल. ती चिडली नाही, तिला फक्त समजून घ्यायचं होतं.

"तुमी इचारलं एकटी जाशीन का. आमी म्हटलं नाही. आठ जनी जासान का, हे काहून नाही इचारलं?"

"फॉर्ममध्ये नव्हतं, सोमीबाई."

"फॉर्मात नव्हतं. पन तुमच्या डोयात तं होतं ना? तुमी पाह्यलं आमाले. आंब्याखाली."

मी पिशवीतून तिचा फॉर्म काढला, मांडीवर ठेवला आणि समासात लिहायला लागले. ती सांगत गेली तसं सगळं. टोळी कशी चालते, सावलीवाली कोण, एकटीनं का जमत नाही, जीप असताना काय होतं, रेणू का शाळेतून निघाली. डावा समास भरला, मग वरचा. मग कागद फिरवून उजवा. बाकीच्या सात जणींचे फॉर्मही तसेच भरले. इतके घाण फॉर्म मी आयुष्यात कधी भरले नव्हते.

गठ्ठा पोस्टानं न पाठवता मी स्वतः शहरात गेले. अभ्यासाचे प्रमुख सर सज्जन होते, पण त्यांनी पहिलं पान पाहिलं आणि चष्मा काढला.

"तुम्ही? समासात?"

"रकान्यात मावलं नाही सर."

त्यांनी वाचलं. त्यांना वाचायला मी वेळ दिला. मग ते म्हणाले, "गोष्ट महत्त्वाची आहे. पण एका वस्तीवरून निष्कर्ष काढता येत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. बाकी कुठल्या वस्तीतून असं आलेलं नाही."

"बाकीच्यांचे समास कोरे आहेत सर. ते कोरे ठेवायला मीच शिकवलंय."

सरांनी आठही फॉर्म पहिल्यापासून पुन्हा वाचायला घेतले. शिपाई चहा ठेवून गेला, त्याच्यावर साय आली. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "परत जाऊन सगळीकडे विचाराल?" मी म्हटलं, जाईन. उरलेला उन्हाळा आणि पावसाळा आम्ही त्याच वस्त्या पुन्हा फिरलो. प्रत्येक ठिकाणी विचारलं, की तुम्ही कुणाबरोबर काम करता आणि एकीला जमलं नाही तर तिचं कोण करतं. काही ठिकाणी खरंच एकटं जाणारे लोक होते. पण कितीतरी वस्त्यांत टोळ्या निघाल्या. नावं वेगळी, रीत थोडी वेगळी, पण कुणीतरी सावलीत बसलेलं होतंच. पुढच्या पावसाळ्यात पोडावर जीप पुन्हा जायला लागली. पुढच्या अभ्यासाच्या फॉर्मला 'एकत्र काम करणारा गट' असा एक रकाना आला आणि मागे एक पूर्ण कोरं पान. फळ्यावरचं माझं जुनं वाक्य मी त्यानंतर कधी लिहिलं नाही.

हे सगळं चांगलं झालं असं लोक म्हणतात. झालंही. पण रेणूचं वर्ष गेलं ते गेलं. बाहेरून परीक्षेला बसण्यासाठी मी तिच्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म घेऊन गेले होते. तिनं तो हातात घेतला, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि परत दिला. "बाई, तुमी लय फॉर्म आनता," म्हणाली. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. जावई शेजारच्याच पोडावरचा, चांगला आहे. पण ते वेगळं.

आता मी फिरत नाही. गुडघ्यांनी राजीनामा दिला, मग मी दिला. गेल्या हिवाळ्यात कळलं की ती रोपवाटिका आता केळापूरच्या रस्त्याला आली आहे आणि टोळी तिथेच येते. रस्त्यात उतरता येतं म्हणून मी एक दिवस भेटायला गेले. सोमीबाईचे केस पांढरे झाले होते. रेणूही टोळीत होती. त्या दिवशी झोळीपाशी तीच बसली होती, कारण रात्री तिचं लेकरू रडत राहिलं होतं आणि तिला झोप नव्हती. ट्रक यायचा होता, रोपं चढवायची होती, हात कमी पडत होते.

मी बांधावरून लंगडत येताना सोमीबाईनं पाहिलं. "तुमाले उभं राहता येत नाही वाटते."

"गुडघे."

"मंग बसा ना सावलीत." तिनं वळून हाक मारली. "रेणू, ऊठ. बाई आली."

मला कुणी विचारलं नाही. रेणूनं आपलं लेकरू माझ्या मांडीवर ठेवलं, पदर खोचला आणि वाफ्याकडे गेली. एक मुलगी माझी पिशवी उघडू लागली. दुसऱ्याच्या तोंडातून मी माती काढली. एवढी वर्षं मी सावलीवालीबद्दल लिहिलं, शहरात जाऊन भांडले. पण हे काम किती दमवणारं आहे, ते मला त्या सकाळी पहिल्या तासात समजलं.

अकराच्या सुमारास एक बाई टॅब घेऊन आली. कुठल्या तरी अभ्यासाची होती. चालण्यावरूनच मी ओळखलं. ती एकेकीला विचारत माझ्यापर्यंत आली आणि थबकली. माझा चष्मा, माझी साडी तिच्या यादीत बसेना.

"काकू, तुम्ही इथं काम करता?"

"मी पाहुणी," मी म्हटलं.

रेणूनं वाफ्यातून मान वर न करता सांगितलं, "पाहुनी नाही. सावलीवाली हाये. लिहा तिले बी."

त्या बाईनं टॅबवर बोट खालीवर केलं. तिला चौकट सापडत नव्हती, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. काकाजींची मला आठवण झाली. माझा फॉर्म कोण भरतं, त्याचं उत्तर एवढ्या वर्षांनी समोर उभं होतं. मी तिला म्हटलं, "असू दे. कागद असेल तर काढ, मी सांगते कसं लिहायचं ते." तिनं पर्समधून डायरी काढली.

दुपारी भाकरी खायला सगळ्या सावलीत आल्या. भाजीचे नऊ वाटे झाले. रेणू लेकराला पाजायला माझ्याशेजारी बसली. बाकीच्या हापशावर हात धुवायला गेल्या होत्या. मी मनात खूप वेळा जुळवलेलं वाक्य होतं, ते बोलून टाकलं.

"रेणू, तुझी दहावी माझ्यामुळे गेली. मी तेव्हा नीट लिहिलं असतं तर तुला शाळेतून काढायची वेळ आली नसती."

"मले माहीत हाये," ती म्हणाली. "मायनं कवाच सांगतलं."

लेकराचं पिऊन झालं. तिनं त्याला खांद्यावर घेतलं, पाठ थोपटली. तिनं मला माफ केलं, असं मी म्हणणार नाही. तसं काही ती बोलली नाही. तिनं लेकरू परत माझ्या मांडीवर ठेवलं आणि विचारलं, "तुमाले घरी आता काय काम हाये?"

"काही नाही."

"मंग उद्या बी या. हे तुमच्यापाशी रडत नाही."

दुसऱ्या दिवशी मी पावणेआठच्या काळीपिवळीनं कामावर गेले.